समोरची काच स्वच्छ करा

सांग्वानने बसवलेली काच गळत नाही, हे थायलंडमधल्या बान पोंग गावात लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं. बसगाड्या बांधणाऱ्या कारखान्यांच्या त्या गल्लीत त्याने चाळीस वर्षं भिंतीएवढाल्या काचा बसवल्या. पुढे कारखाने एकेक करून थंडावले, तशा त्याच्या दारात छोट्या गाड्या येऊ लागल्या, आणि गेल्या चार वर्षांत तर विजेवरच्या मोठ्या गाड्या. आवाज न करता येऊन मागे उभ्या राहायच्या आणि सांग्वान दचकायचा. "गाडी कसली, चाकं लावलेला मोबाइल आहे," असं तो म्हणे. पण काच ती काचच. जुनी तारेने कापून काढायची, कडेचा जुना गम खरवडायचा आणि नवा काळा गम न थांबता सबंध चौकटभर ओढायचा. मध्ये हात थांबला की तिथून पाणी शिरलंच म्हणून समजा. सांग्वानचा हात थांबत नसे.

त्याचं आणखी एक काम होतं, ते कुठल्या कारखान्यात शिकवत नाहीत. तरुणपणी तो अकरा वर्षं विहारात भिक्खू होता. चीवर उतरवून संसारात पडला तरी मंत्र तोंडात राहिले. काच फुटणं हा अपशकुन, असं इकडे मानतात. म्हणून नवी काच बसली की सांग्वान पांढऱ्या मातीचं गंध सुवासिक पाण्यात कालवी आणि काचेला आतल्या बाजूने बोटाने तीन ठिपके देई. वर एक, खाली दोन. "लोक तुझ्या काचेसाठी येत नाहीत, म्हाताऱ्या, ठिपक्यांसाठी येतात," असा टोमणा त्याची बायको लामदुआन नेहमी मारायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

तक्रार एकच होती. गाडी धुणारे फडकं मारत आणि आठवड्याभरात ठिपके जात. यावर सांग्वानला मागच्या नोव्हेंबरात एक तोड सुचली. विजेवरच्या गाड्यांत आरशामागे, काचेला लागून, एक प्लास्टिकचं झाकण असतं. त्या झाकणाच्या आत काचेवर ठिपके दिले, तर तिथे कुणाचं फडकं कधी पोचणार? गाडी भंगारात जाईपर्यंत गंध तसंच राहील. या शोधावर तो इतका खूश झाला की संध्याकाळी जेवताना त्याने लामदुआनला तो दोनदा सांगितला.

झाकणाच्या आत गाडीचा कॅमेरा असतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. काच बदलली की कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवावी लागते, आणि त्यासाठी शेजारच्या नाखोन पाथोम शहरातून प्राचा नावाचा माणूस ठिपक्याठिपक्यांचा फळा आणि एक टॅब घेऊन यायचा. पण सांग्वानच्या लेखी ते प्राचाचं काम होतं. यंत्र म्हणजे यंत्र, त्याला बोटभर मातीचं काय? शिवाय ओलं असताना ते गंध काचेवर धड दिसतही नाही. पांढरं होतं ते वाळल्यावर.

ही तोड सुचल्यावर पहिली गाडी आली ती रत्तिकानची, आणि झाकणात ठिपके दिलेली तीच शेवटची ठरली.

रत्तिकान तालुक्याच्या इस्पितळात नर्स. तिचा बाप चालेर्म जुना बसचालक, सांग्वानच्या हातच्या कितीतरी काचांतून त्याने अख्खा देश पाहिलेला. त्याची मूत्रपिंडं गेली होती आणि दर तिसऱ्या दिवशी त्याला रक्त शुद्ध करायला राचाबुरीच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागे. रात्रपाळी संपवून रत्तिकानच त्याला नेई. उसाच्या ट्रकखालून उडालेल्या खड्याने तिच्या गाडीची काच तडकली, तेव्हा बाप तिला म्हणाला, "दुसरीकडे कुठे जाऊ नकोस. सांग्वानकडेच जा. आणि ठिपके द्यायला सांग." सांग्वानने काच बसवली. प्राचाने येऊन कॅमेरा जुळवला आणि तो गेला. मग सांग्वानने झाकण उघडलं, मंत्र म्हणत तीन ठिपके दिले आणि झाकण टक्कन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्तिकानचा फोन आला.

"काका, गाडीच्या पडद्यावर काहीतरी येतंय. समोरच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, समोरची काच स्वच्छ करा, असं. मी दोनदा पुसली काच."

"गम ओला आहे अजून, पोरी. त्याची वाफ धरते. दोन दिवस दे. तिथे कोपऱ्यात टिचकी मारायची खूण आहे ना? ती मार, जातो संदेश."

"हो, गेला."

"मग झालं तर. यंत्रं फार बडबडतात."

हे बोलणं इतकं क्षुल्लक होतं की फोन ठेवेपर्यंत तो ते विसरूनही गेला.

डिसेंबरच्या मध्यावर, सकाळी सहाच्या सुमाराला, धुकं दाट असताना रत्तिकान बापाला घेऊन निघाली होती. टायर फुटलेला उसाचा ट्रक रस्त्याच्या डाव्या कडेला उभा होता. मागे दिवा नव्हता. ऊस फाळक्याच्या मागे दोन हात बाहेर आलेला. गाडीचं नाक त्या उसाखाली शिरलं आणि ऊस काच फोडून आत आला, डाव्या बाजूने. चालेर्म डावीकडे बसला होता. रत्तिकानच्या कपाळावर एक ओरखडा आला, तेवढाच.

पोलिसांनी विचारलं तेव्हा तीच म्हणाली, "माझा डोळा लागला." त्यांनी तसं लिहून घेतलं.

दहनानंतर चौथ्या दिवशी गाडी सांग्वानच्या दारात आली, दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून. सोबत रत्तिकानची आई बुप्पा होती. हातात केळ्यांचा घड आणि मोगऱ्याचा हार. गाडी उतरवून होताच ती सरळ सांग्वानपाशी गेली आणि खाली वाकून तिने हात जोडले.

"वहिनी, हे काय? उठा बघू."

"वाकू द्या, भाऊजी. पोलीस म्हणाले, असल्या अपघातात दोघंही जातात. ऊस एका बाजूनेच आत आला. मधोमध काहीतरी आडवं आल्यासारखा." तिने हार पुढे केला. "ते तर जाणारच होते. महिने मोजत होतो आम्ही. तुमच्या ठिपक्यांनी माझी पोर मला परत दिली."

"कशी आहे ती?"

"आहे. पाणी पिते. भाताला हात लावत नाही. गाडी विकूया म्हटलं तर नको म्हणते. याच गाडीत बसणार म्हणते, शिक्षा म्हणून. तिचं काय करू मी, भाऊजी?"

ती गेल्यावर सांग्वानने काच काढायला घेतली. डावी बाजू चाळणी झाली होती, मध्यापासून उजवीकडे मात्र काच शाबूत होती. तार घालण्याआधी त्याने आरसा काढला, झाकण काढलं आणि तो थांबला.

त्याचे तीन ठिपके तिथे होते. वाळून चुन्यासारखे पांढरेफटक झालेले. वरचा एक जरा बाजूला होता, पण खालचे दोन बरोबर कॅमेऱ्याच्या काळ्या भिंगासमोर, माणसाच्या डोळ्यांवर कुणी दोन बोटं ठेवावीत तसे.

आपण काय करतोय हे कळायच्या आत त्याच्या हातातलं फडकं काचेवर फिरलं होतं. एकदा, मग पुन्हा, मग थुंकी लावून तिसऱ्यांदा. काच लख्ख झाली. मग तो दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला.

दुपारी त्याने प्राचाला फोन केला. नव्या काचेबद्दल बोलला, ती यायला पाच-सहा आठवडे लागतील हे ऐकून घेतलं, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, त्या कॅमेऱ्यासमोर काचेला काही चिकटलं तर?"

"काय चिकटलं?"

"काहीही. माती समज."

"मग गाडी आंधळी, काका. समोर हत्ती आला तरी ब्रेक मारायची नाही, भोंगा द्यायची नाही. पण तिथे माती जाईल कशी? वरून झाकण असतं. मुद्दाम झाकण उघडून माती फासणारा येडा अजून जन्माला यायचाय." प्राचा स्वतःच्या विनोदावर हसला. "का? कुणाची आलीय तशी?"

"नाही रे. असंच विचारलं."

संध्याकाळी त्याने लामदुआनला सांगितलं. तिने हातातली भाजी खाली ठेवली.

"पुसलेस ना?" तिने विचारलं.

"पुसले."

"मग आता तोंड बंद ठेव. चालेर्म परत येणार आहे का? बुप्पाला तेवढाच एक आधार आहे, पोर ठिपक्यांनी वाचली हा. तोही काढून घेणार तिच्याकडून?"

"आणि पोरगी?"

"पोरीचा डोळा लागला होता, हे तीच म्हणते."

"लागला असेल. पण त्यासाठीच तर ती गाडी बनवलीय ना, लामदुआन. माणसाचा डोळा लागला तर हिचा उघडा असावा म्हणून. तो मी मिटला."

लामदुआनने पुन्हा भाजी हातात घेतली, पण ती निवडली नाही.

तो गप्प राहिला. गप्प राहणं त्याला विहारातच शिकवलं होतं, पण तिथली शांतता निराळी आणि ही निराळी. जानेवारीत एकदा रत्तिकान स्वतः आली, काच कधी येणार हे विचारायला. गणवेश अंगावर लोंबत होता. गाडीच्या रिकाम्या चौकटीवर त्याने प्लास्टिक ताणून लावलं होतं, त्यावर हात ठेवून ती उभी राहिली.

"काका, एक विचारू? ही गाडी समोर काही आलं की ओरडते ना?"

"ओरडते."

"मोठ्याने?"

"चांगली मोठ्याने."

"मग ती ओरडली असणार." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "मला आठवतच नाही. बाबांनी पाणी मागितलं, मी बाटली दिली, एवढं आठवतं. मग ऊस. मधलं काहीच नाही. गाडी ओरडत होती आणि मी झोपले होते. बाबाही ओरडले असतील. इस्पितळात पेशंट नुसता कण्हला तरी मी जागी होते, काका. आणि बाप ओरडताना झोपून राहिले."

सांगायचं होतं ते त्या क्षणी त्याच्या जिभेवर आलं होतं. गाडी ओरडली नाही, पोरी. एवढंच वाक्य. पण तो म्हणाला, "काच फेब्रुवारीत येईल." या भित्रेपणाबद्दल त्याने स्वतःला पुढे कधी क्षमा केली नाही, आणि करूही नये.

काच फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आली. चालेर्मच्या पन्नासाव्या दिवसाचं पुण्यकर्म त्याच आठवड्यात होतं आणि विहारात याच गाडीतून जायचं असा रत्तिकानचा हट्ट. सांग्वानने काच बसवली. गम ओढताना आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात मध्येच थांबला, आणि त्याने सगळा गम खरवडून पुन्हा पहिल्यापासून ओढला. पुण्यकर्माच्या आदल्या दिवशी प्राचा येऊन कॅमेरा जुळवून गेला. ती रात्र सांग्वानने छताकडे बघत काढली आणि सकाळी उठला तो सांगायचं असं ठरवूनच.

सात वाजता मायलेकी आल्या. धुकं इतकं होतं की समोरचं दुकान दिसत नव्हतं. बुप्पा लामदुआनशी बोलायला आत गेली, तशी सांग्वानने रत्तिकानला गाडीपाशी बोलावलं.

"पोरी, गाडी ओरडली नव्हती."

"काय?"

"त्या दिवशी. ती ओरडलीच नाही. आंधळी होती. मी झाकणाच्या आत ठिपके दिले होते, ते बरोबर कॅमेऱ्यासमोर वाळले. पडद्यावर संदेश येत होता तो त्याचाच. तू मला विचारलंस आणि मी गम ओला आहे म्हणून सांगितलं. तुझा दोष नाही. माझा आहे. सगळा माझा."

रत्तिकान म्हणाली, "तो संदेश धुक्याने येतो, काका. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरच्या गाडीलाही येतो थंडीत."

"तिचा धुक्याने येत असेल. तुझा ठिपक्यांनी येत होता."

"दाखवा मला."

जुनी काच दुकानामागे भिंतीला टेकवून ठेवली होती. टाकून द्यायची त्याची छाती झाली नव्हती. दोघं मागे गेली. त्याने काचेवरची गोणी बाजूला केली आणि जागेवर बोट ठेवलं. तिने वाकून पाहिलं, तिरकं होऊन उजेडात पाहिलं, बोट फिरवलं. तिथे काही नव्हतं.

"कुठे आहेत?"

"मी पुसले. दिसले त्याच दिवशी पुसले. भ्यालो."

ती सरळ उभी राहिली. आणि मग पन्नास दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, थकलेलं आणि इतकं मायाळू, की सांग्वानला ते बघवेना. तिने हात जोडले.

"बाबा म्हणायचे, सांग्वानसारखा मोठ्या मनाचा माणूस गल्लीत नाही. माझ्यासाठी एवढं पाप अंगावर घेऊ नका, काका."

"अगं, मी खरं सांगतोय!"

"आईने सांगितलं ना तुम्हाला, मी जेवत नाही म्हणून? आज जेवेन मी. तुमच्यासाठी जेवेन. पण असं परत बोलू नका."

एवढे दिवस दाबून ठेवलेलं खरं बाहेर काढलं, तर ते खोटं म्हणून, वर पुण्य म्हणून, परत त्याच्याच पदरात पडलं.

बुप्पा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती. गंध तिने घरूनच कालवून आणलं होतं. "भाऊजी, ठिपके. मागच्या वेळी दिले होते तिथेच द्या."

"वहिनी, या वेळी नको."

"नको कसं? तुमच्यावरच तर भरवसा आहे. माझ्याकडे आता ही एकच उरलीय."

लामदुआन दारात उभी होती. तिने मान वळवली. सांग्वानने वाटी घेतली, बोट बुडवलं, पण हात वर जाईना. त्याला वाटलं, वय झालं म्हणून हात उचलत नाही असं समजून बुप्पा त्याला सोडून देईल. तिने उलट त्याचं मनगट आपल्या दोन्ही हातांत धरलं आणि वर उचलून दिलं. काचेपासून लांब, चालकाच्या डोक्यावरच्या छताला, त्याने कसेबसे तीन ठिपके लावले. मंत्र तोंडात आला नाही. त्याने नुसते ओठ हलवले.

बुप्पा डावीकडे बसली, मांडीवर चालेर्मची तसबीर घेऊन. रत्तिकानने स्टिअरिंगवर हात ठेवला आणि गाडी सुरू केली. पडदा उजळला. तिचं बोट सवयीने कोपऱ्यातल्या खुणेकडे गेलं, टिचकी मारायला, आणि हवेतच राहिलं.

पडदा स्वच्छ होता. कसलाही संदेश नव्हता.

तिने समोर पाहिलं. काचेपलीकडे धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, गाडी बंद केली आणि पुन्हा सुरू केली. संदेश नव्हताच. मग तिने हळूहळू मान वळवून खिडकीशी उभ्या असलेल्या सांग्वानकडे पाहिलं. मघाचं हसू तिच्या चेहऱ्यावर कुठेच उरलं नव्हतं.

"आज नाही आला," ती म्हणाली. आवाज अगदी खाली होता. "धुकं तर तेव्हापेक्षा जास्त आहे."

तिने बोट पडद्याच्या त्या कोपऱ्यावर टेकवलं.

"रोज यायचा, काका. रोज सकाळी. समोरची काच स्वच्छ करा. मी पुसायची आणि मग टिचकी मारून घालवायची. त्या दिवशीसुद्धा. बाबांनी विचारलं होतं, काय ग ते? मी म्हटलं, काही नाही."

"काय नाही आला ग?" बुप्पाने शेजारून विचारलं.

रत्तिकानने डोळे मिटले आणि उघडले. "काही नाही, आई."

तिने खिडकीतून जरासं बाहेर वाकून सांग्वानला एवढंच म्हटलं, "तिला कधी सांगू नका." तिने हात जोडले नाहीत. काच वर गेली.

गाडी आवाज न करता हलली. बुप्पाने मात्र आपली खिडकी खाली घेतली होती. तसबीर सांभाळत ती मागे वळली आणि गाडी धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत त्याला नमस्कार करत राहिली. आपण नमस्कार न करावा तर तिला शंका आली असती. सांग्वानने गंधाची वाटी जमिनीवर ठेवली आणि उलट हात जोडले.